फीबस लेव्हीन

फीबस ॲरन थिओडोर लेव्हीन (जन्म : २५ फेब्रुवारी १८६९, झागारे, रशियन साम्राज्य, आजचे लिथुएनिया, मृत्यू : ६ सप्टेंबर १९४०, न्यू यॉर्क, अमेरिका) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. शर्करांच्या रसायनशास्त्रात त्यांनी मूलभूत संशोधन केले व त्या ज्ञानाच्या बळावर न्यूक्लिइक आम्लांचे घटक आणि त्यांची जोडणी उलगडली. आरएनएमधील रायबोज ही शर्करा त्यांनी १९०९ मध्ये, तर डीएनएमधील डीऑक्सिरायबोज ही शर्करा १९२९ मध्ये ओळखली. न्यूक्लिओसाइड व न्यूक्लिओटाइड या आज सर्वत्र रूढ असलेल्या संज्ञा त्यांच्याच कामातून प्रचारात आल्या. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्थेत त्यांनी सुमारे ३५ वर्षे काम केले आणि ७०० हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध केले.

लेव्हीन यांचे नाव चतुर्न्यूक्लिओटाइड गृहीतकाशीही जोडले जाते. न्यूक्लिइक आम्ल हे चार घटकांची एकसुरी पुनरावृत्ती असलेले साधे द्रव्य आहे, असे हे गृहीतक मांडत होते. ते चुकीचे ठरले. डीएनए हे आनुवंशिकतेचे द्रव्य असू शकत नाही, हा समज त्यामुळे काही काळ बळकट झाला. डीएनएच्या घटकांची अचूक ओळख आणि त्याच्या एकूण रचनेविषयीचा चुकीचा निष्कर्ष ही दोन्ही एकाच संशोधकाच्या कार्याची अंगे असल्यामुळे रेणवीय जीवविज्ञानाच्या इतिहासात लेव्हीन यांचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण ठरते.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

लेव्हीन यांचा जन्म झागारे या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव फिशेल असे होते. वडिलांचा सदरे शिवण्याचा व्यवसाय होता. लेव्हीन लहान असतानाच कुटुंब सेंट पीटर्सबर्ग येथे स्थायिक झाले व तेथे ते फ्योदोर या रशियन नावाने ओळखले जाऊ लागले. शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर १८८६ मध्ये त्यांना सेंट पीटर्सबर्गच्या इंपीरियल मिलिटरी मेडिकल अकादमीत प्रवेश मिळाला. त्या काळी रशियात ज्यू विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणावर कडक निर्बंध होते. त्यामुळे असा प्रवेश फारच थोड्यांना मिळत असे.

अकादमीत रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर बोरोदिन होते. संगीतरचनाकार म्हणून आज अधिक प्रसिद्ध असलेले बोरोदिन हे व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होते. १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी अलेक्झांडर दियानिन आले. या दोघांच्या अध्यापनामुळे लेव्हीन यांना कार्बनी रसायनशास्त्राची गोडी लागली. पचनसंस्थेवरील प्रयोगांसाठी पुढे विख्यात झालेले इव्हान पावलॉव्ह हेही त्या काळात अकादमीत अध्यापन करीत होते.

रशियातील ज्यूविरोधी वातावरण तीव्र झाल्याने १८९१ मध्ये लेव्हीन कुटुंबाने अमेरिकेत स्थलांतर केले. लेव्हीनही त्यांच्याबरोबर गेले, परंतु वैद्यकाची अंतिम परीक्षा देण्यासाठी ते त्याच वर्षी रशियात परतले. पदवी मिळवून १८९२ मध्ये ते कायमचे न्यू यॉर्कला आले. फ्योदोर या नावाचे इंग्रजी रूप फीबस असावे, अशा समजुतीने त्यांनी अमेरिकेत हे नाव धारण केले. खरे रूप थिओडोर आहे हे कळेपर्यंत नवे नाव रूढ झाले होते. त्यामुळे त्यांनी ते तसेच ठेवले.

वैद्यकीय व्यवसायाकडून रसायनशास्त्राकडे

न्यू यॉर्कच्या पूर्व भागात, स्थलांतरितांची दाट वस्ती असलेल्या परिसरात, लेव्हीन यांनी काही वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला. त्याचबरोबर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि तेथील प्रयोगशाळेत संशोधनास प्रारंभ केला. रुग्णसेवा सांभाळून मिळेल तो वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत. १८९६ मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या रुग्णालयांशी संलग्न असलेल्या विकृतिविज्ञान संस्थेत त्यांची नेमणूक झाली व त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून दिला.

याच सुमारास त्यांना क्षयरोग झाला. क्षयावर त्या काळी परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच उपचार मानला जाई. लेव्हीन यांनी न्यू यॉर्क राज्यातील सारानाक लेक आणि स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथील आरोग्यधामांत उपचार घेतले. प्रकृती सुधारत असताना त्यांनी वैद्यकाकडे परत न वळता रसायनशास्त्रालाच वाहून घेण्याचे ठरविले.

या काळात त्यांनी युरोपातील दोन अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञांकडे काम केले. मारबुर्ग येथे आल्ब्रेख्त कोसेल हे पेशीकेंद्रकातील द्रव्यांचा अभ्यास करीत होते. न्यूक्लिइक आम्लातील नायट्रोजनयुक्त क्षारक ओळखण्याचे श्रेय प्रामुख्याने कोसेल यांच्याकडे जाते. त्यांना १९१० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्लिनमध्ये एमील फिशर यांनी शर्करांच्या रेणूंतील अणूंची अवकाशीय मांडणी निश्चित करण्याच्या पद्धती विकसित केल्या होत्या. या कार्याबद्दल त्यांना १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कोसेल यांच्याकडून मिळालेला विषय व फिशर यांच्याकडून मिळालेली पद्धत यांचा संयोग लेव्हीन यांच्या पुढील संशोधनात दिसून येतो.

रॉकफेलर संस्थेतील कार्य

रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्थेची स्थापना १९०१ मध्ये झाली. संचालक सायमन फ्लेक्सनर यांनी १९०५ मध्ये लेव्हीन यांना संस्थेत आणले. १९०७ मध्ये ते रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. अध्यापनाची जबाबदारी नसल्याने त्यांना संपूर्ण वेळ संशोधनासाठी देता आला. वॉल्टर जेकब्स, डोनाल्ड व्हॅन स्लाइक, लॉरेन्स बास, स्टुअर्ट टिप्सन आदी संशोधकांनी वेगवेगळ्या काळात त्यांच्याबरोबर काम केले.

त्या वेळी न्यूक्लिइक आम्लाविषयीची माहिती तुटक होती. स्विस शास्त्रज्ञ फ्रिडरिख मीशर यांनी १८६९ मध्ये, म्हणजे लेव्हीन यांच्या जन्मवर्षीच, पुवातील पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांतून फॉस्फरसयुक्त द्रव्य वेगळे केले होते. या द्रव्यात फॉस्फरिक आम्ल, नायट्रोजनयुक्त क्षारक व कोणती तरी शर्करा आहे, हे १९०० च्या सुमारास ज्ञात होते. शर्करा नेमकी कोणती आणि हे तीन घटक परस्परांना कोणत्या क्रमाने जोडलेले आहेत, हे मात्र ठाऊक नव्हते. अभ्यासासाठी मुख्यतः दोन प्रकारचे न्यूक्लिइक आम्ल वापरले जाई. एक वासराच्या थायमस ग्रंथीपासून व दुसरे यीस्टपासून मिळविलेले असे. पहिले प्राण्यांचे व दुसरे वनस्पतींचे, अशी त्यांची विभागणी तेव्हा केली जात असे.

रायबोजचा शोध

लेव्हीन व जेकब्स यांनी एकदम गुंतागुंतीच्या न्यूक्लिइक आम्लाकडे न वळता आधी एका साध्या संयुगाचा अभ्यास केला. हे संयुग म्हणजे इनोसिनिक आम्ल होय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांनी ते १८४७ मध्ये मांसाच्या अर्कातून मिळविले होते. त्यात एक क्षारक, एक शर्करा व एक फॉस्फेट गट असे तीनच घटक असतात.

घटकांचा क्रम ठरविण्यासाठी त्यांनी या संयुगाचे दोन वेगवेगळ्या प्रकारे विघटन केले. सौम्य आम्लाच्या क्रियेने क्षारक सुटून बाहेर पडला आणि शर्करा व फॉस्फेट परस्परांना जोडलेले राहिले. अल्कधर्मी अथवा उदासीन विद्रावात उष्णता दिल्यावर उलट घडले. फॉस्फेट सुटले आणि क्षारक व शर्करा यांची जोडी शिल्लक राहिली. शर्करा दोन्ही तुकड्यांत आढळत असल्याने ती मध्ये असून तिच्या एका बाजूस फॉस्फेट व दुसऱ्या बाजूस क्षारक आहे, हे सिद्ध झाले. क्षारक व शर्करा यांच्या जोडीस न्यूक्लिओसाइड आणि फॉस्फेटसह असलेल्या पूर्ण एककास न्यूक्लिओटाइड अशी नावे देण्यात आली.

शर्करेची ओळख पटविणे अधिक कठीण होते. ती पाच कार्बन अणूंची, म्हणजे पेंटोज प्रकारची होती. या प्रकारच्या सर्वसाधारण शर्करांत अणूंच्या मांडणीनुसार अरॅबिनोज, झायलोज, लिक्सोज व रायबोज असे चार समघटक संभवतात आणि प्रत्येकाची परस्परांची आरशातील प्रतिमा असणारी डी व एल अशी दोन रूपे असतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल नॉइबर्ग यांच्या मते ही शर्करा एल-झायलोज होती. लेव्हीन व जेकब्स यांनी ती स्फटिकरूपात मिळविली व तिच्यापासून ओसाझोन हे संयुग तयार केले. ओसाझोन तयार होताना शर्करेतील दुसऱ्या कार्बन अणूवरील मांडणीचा भेद नाहीसा होतो. त्यामुळे केवळ त्या जागी भिन्न असलेल्या दोन शर्करांचे ओसाझोन एकच येतात. या शर्करेचे ओसाझोन अरॅबिनोजच्या ओसाझोनसारखे होते, परंतु शर्करा स्वतः अरॅबिनोज नव्हती. अशा स्थितीत रायबोज हीच एक शक्यता उरत होती. ध्रुवित प्रकाशाच्या प्रतलाचे वलन व इतर गुणधर्म तपासून ती डी-रायबोज असल्याचे त्यांनी १९०९ मध्ये जाहीर केले.

रायबोज ही शर्करा त्यापूर्वी निसर्गात आढळल्याचे ज्ञात नव्हते. तिचे एल रूप फिशर व त्यांचे सहकारी पिलोटी यांनी १८९१ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले होते. अरॅबिनोज या नावातील अक्षरांची उलटापालट करून रायबोज हे नाव पडले. केवळ प्रयोगशाळेत तयार होणारी मानली गेलेली ही शर्करा प्रत्येक सजीव पेशीत असते, हे या शोधामुळे पुढे स्पष्ट झाले.

यानंतर लेव्हीन व जेकब्स यांनी यीस्टच्या न्यूक्लिइक आम्लाचे अमोनियाच्या साहाय्याने दाबाखाली विघटन करून त्यातील चारही न्यूक्लिओसाइडे वेगळी केली. ॲडेनोसीन, ग्वानोसीन, सायटिडीन व युरिडीन ही ती चार संयुगे असून त्या सर्वांत डी-रायबोज हीच शर्करा आढळली. १९१० मध्ये त्यांनी रायबोजमध्ये एका कार्बन अणूची भर घालून ॲलोज व आल्ट्रोज या सहा कार्बनांच्या दोन शर्कराही संश्लेषित केल्या.

डीऑक्सिरायबोजचा शोध

थायमसच्या न्यूक्लिइक आम्लातील शर्करेची ओळख पटण्यास आणखी वीस वर्षे लागली. यीस्टच्या न्यूक्लिइक आम्लास लागू पडलेली पद्धत येथे उपयोगी ठरली नाही. हे आम्ल अल्कधर्मी विद्रावात टिकून राहते, तर तीव्र आम्लाच्या क्रियेने त्यातील शर्कराच नष्ट होते. शर्करेच्या नाशातून लेव्ह्युलिनिक आम्ल तयार होते. हे आम्ल सहा कार्बनांच्या शर्करांपासूनही मिळत असल्याने ही शर्करा सहा कार्बनांची असावी, असे दीर्घकाळ मानले गेले.

शर्करा अबाधित ठेवून रेणू सोडवायचा तर रासायनिक अभिक्रियाकांऐवजी सजीवांतील एंझाइमांचा उपयोग करणे आवश्यक होते. यासाठी लेव्हीन यांना लेनिनग्राड येथील शरीरक्रियावैज्ञानिक लंडन यांचे सहकार्य लाभले. पावलॉव्ह यांच्या परंपरेतील शस्त्रक्रियातंत्र वापरून कुत्र्याच्या पचनमार्गात कायमचे छिद्र करण्यात येई. न्यूक्लिइक आम्लाचा विद्राव आतड्याच्या ठराविक भागातून नेऊन तो बाहेर काढण्यात येई. आतड्यातील एंझाइमांमुळे न्यूक्लिइक आम्लाचे सौम्य विघटन होऊन न्यूक्लिओसाइडे हाती आली. त्यांतून अतिशय सौम्य आम्लाने शर्करा मोकळी करण्यात आली.

ही शर्करा पाच कार्बनांचीच होती, मात्र तिच्यात रायबोजपेक्षा एक ऑक्सिजन अणू कमी होता. लेव्हीन व त्यांचे सहकारी मोरी यांनी या प्रकारच्या शर्करा प्रयोगशाळेत तयार करून नैसर्गिक शर्करेशी त्यांची तुलना केली. दुसऱ्या कार्बन अणूवर ऑक्सिजन नसलेली ही रायबोज शर्करा असल्याचे १९२९ मध्ये निश्चित झाले. डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक आम्ल व रायबोन्यूक्लिइक आम्ल, म्हणजे डीएनए व आरएनए, ही नावे याच दोन शर्करांवरून पडली.

या शोधामुळे न्यूक्लिइक आम्लांच्या जुन्या वर्गीकरणाचा आधार बदलला. रॉबर्ट फॉयल्गेन यांनी १९२४ मध्ये रंजनक्रियेच्या साहाय्याने वनस्पतींच्या पेशीकेंद्रकांतही थायमस प्रकारचे न्यूक्लिइक आम्ल असल्याचे दाखविले होते. त्यामुळे प्राण्यांचे व वनस्पतींचे अशी विभागणी टिकणारी नव्हती. दोन आम्लांतील खरा भेद शर्करेत आणि एका क्षारकात आहे, हे आता स्पष्ट झाले. आरएनएमध्ये युरॅसिल असते, तर त्या जागी डीएनएमध्ये थायमिन असते.

पुढील काही वर्षांत लेव्हीन व टिप्सन यांनी न्यूक्लिओसाइडांतील शर्करेचे वलय पाच अणूंचे असल्याचे दाखविले. डीऑक्सिरायबोजच्या अशा वलयात दुसऱ्या कार्बनावर ऑक्सिजन नसतो, पहिला कार्बन क्षारकाशी जोडलेला असतो आणि चौथ्या कार्बनावरील ऑक्सिजन वलयातच गुंतलेला असतो. त्यामुळे फॉस्फेटच्या जोडणीसाठी तिसरा व पाचवा हे दोनच कार्बन मोकळे राहतात. यावरून त्यांनी १९३५ मध्ये डीएनएतील शर्करा परस्परांना तिसऱ्या व पाचव्या कार्बनांवरील फॉस्फेटद्वारे जोडल्या जातात, असा निष्कर्ष काढला. तो पुढे बरोबर ठरला.

इतर कर्बोदके व मेदद्रव्यांवरील संशोधन

लेव्हीन यांचे संशोधन न्यूक्लिइक आम्लांपुरते मर्यादित नव्हते. कूर्चा, श्लेष्म व तत्सम ऊतकांत प्रथिनांशी संलग्न असलेल्या कर्बोदकांचा त्यांनी सविस्तर अभ्यास केला. कूर्चेतील काँड्रॉइटिन सल्फ्यूरिक आम्लातून त्यांनी एक ॲमिनो शर्करा वेगळी केली व तिला काँड्रोसमीन असे नाव दिले. हीच शर्करा आज गॅलॅक्टोसमीन म्हणून ओळखली जाते. सहा कार्बनांच्या ॲमिनो शर्करा व श्लेष्मप्रथिने यांवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मेंदू व इतर ऊतकांतील लेसिथिन, सेफॅलिन, सेरेब्रोसाइड या मेदद्रव्यांवरही त्यांनी काम केले. रासायनिक क्रियेत रेणूतील अवकाशीय मांडणी उलटी होण्याच्या घटनेस वाल्डेन व्युत्क्रम म्हणतात. या विषयावर त्यांच्या प्रयोगशाळेतून अनेक वर्षे शोधनिबंध प्रसिद्ध होत राहिले. लॉरेन्स बास यांच्या सहकार्याने लिहिलेला न्यूक्लिइक आम्लांवरील त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रकाशित झाला. त्या काळी या विषयावरील तो प्रमाणभूत ग्रंथ मानला जात होता.

चतुर्न्यूक्लिओटाइड गृहीतक

न्यूक्लिइक आम्लात चार प्रकारचे क्षारक असतात. हे चारही क्षारक जवळजवळ सारख्या प्रमाणात असल्याचे विसाव्या शतकाच्या प्रारंभी हर्मान स्टॉयडेल आदी संशोधकांच्या विश्लेषणांतून दिसले होते. लेव्हीन यांनाही आपल्या प्रयोगांत साधारणतः तसेच प्रमाण आढळले. यावरून प्रत्येकी एक या हिशेबाने चार न्यूक्लिओटाइडांचा मिळून न्यूक्लिइक आम्लाचा रेणू बनतो, असे गृहीतक त्यांनी मांडले व अनेक वर्षे विकसित केले. अशा रेणूचे रेणुभार सुमारे १,३०० भरते. मोठ्या रेणूंचे पुरावे पुढे येऊ लागल्यावर, हे चारांचे एकक पुन्हा पुन्हा जोडले जाते, असे गृहीतकाचे रूप झाले.

या निष्कर्षामागे तत्कालीन पद्धतींच्या मर्यादा होत्या. न्यूक्लिइक आम्ल ऊतकांतून वेगळे करताना तीव्र आम्ले व अल्कली वापरली जात. त्यामुळे मूळचे लांब रेणू तुटत आणि हाती लहान तुकडेच येत. क्षारकांचे प्रमाण त्यांच्या स्फटिकांचे वजन करून ठरविले जाई. या पद्धतीत बराच अंश वाया जात असल्याने प्रमाणातील लहान फरक लक्षात येत नसत. चार घटकांचे सोपे, पूर्णांकी प्रमाण रसायनशास्त्रज्ञांना स्वाभाविक वाटत असल्याने ते फरक प्रायोगिक चूक म्हणून बाजूस ठेवले जात.

गृहीतकाचा जीवविज्ञानावरील परिणाम दूरगामी होता. चार एकके ठरलेल्या क्रमाने पुन्हा पुन्हा येत असतील, तर त्या साखळीत कोणत्याही प्रकारची माहिती साठविता येत नाही. याउलट क्रमावर बंधन नसेल, तर चार घटकांच्या केवळ दहा एककी साखळीचेच १०,४८,५७६ वेगवेगळे प्रकार संभवतात. लेव्हीन यांच्या गृहीतकात ही विविधता शून्यावर येत होती. वीस ॲमिनो आम्लांची बनलेली प्रथिने मात्र उघडच विविधतापूर्ण होती. त्यामुळे आनुवंशिक गुणांचे वहन प्रथिनेच करीत असावीत व न्यूक्लिइक आम्ल हा केंद्रकातील केवळ आधारभूत भाग असावा, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानीत होते. हा समज लेव्हीन यांच्या एकट्याचा नव्हता. मात्र त्यांच्या अधिकारवाणीमुळे त्यास रासायनिक पाठबळ मिळाले.

लेव्हीन यांच्या हयातीतच या गृहीतकाला तडे जाऊ लागले होते. १९३८ मध्ये सिग्नर, कास्पर्सन व हामरस्टेन यांनी काळजीपूर्वक मिळविलेल्या डीएनएचे रेणुभार पाच लाख ते दहा लाख असल्याचे दाखविले. त्याच वर्षी गेरहार्ड श्मिट यांच्यासह केलेल्या प्रयोगांत लेव्हीन यांनीही थायमसचे न्यूक्लिइक आम्ल मूळ अवस्थेत प्रचंड मोठ्या रेणूंचे असते व एंझाइमांमुळे त्याचे लहान तुकडे होतात, हे नोंदविले. रेणू मोठा असल्याचे त्यांनी मान्य केले, पण त्यातील एककांचा क्रम बदलता असू शकतो, ही पुढची पायरी त्यांच्या हातून गाठली गेली नाही.

लेव्हीन यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९४४ मध्ये, ऑस्वाल्ड ॲव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड व मॅक्लिन मॅकार्टी यांनी न्यूमोकॉकस जिवाणूंमधील आनुवंशिक गुणांचे संक्रमण डीएनएमुळे होते, असे सिद्ध केले. ॲव्हरी १९१३ पासून रॉकफेलर संस्थेतच काम करीत होते व लेव्हीन यांच्या प्रयोगशाळेचे कार्य त्यांना परिचित होते. त्यांच्या निष्कर्षावर बराच अविश्वास व्यक्त झाला. डीएनएच्या नमुन्यात राहिलेल्या अत्यल्प प्रथिनामुळे हा परिणाम घडत असावा, असा आक्षेप घेण्यात आला. डीएनए हे एकसुरी द्रव्य आहे, ही रूढ समजूत या अविश्वासामागील एक कारण होती. एर्विन शारगाफ यांनी कागद वर्णलेखनाच्या नव्या पद्धतीने वेगवेगळ्या सजीवांतील डीएनएचे विश्लेषण केले. क्षारकांचे प्रमाण प्रत्येक जातीत वेगळे असते, पण ॲडेनिन व थायमिन तसेच ग्वानिन व सायटोसिन यांचे प्रमाण परस्परांशी समान असते, असे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखविले. यामुळे चतुर्न्यूक्लिओटाइड गृहीतक निकालात निघाले.

सन्मान व वैयक्तिक जीवन

१९१६ मध्ये लेव्हीन यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या शिकागो शाखेतर्फे दिले जाणारे विलर्ड गिब्ज पदक त्यांना १९३१ मध्ये व न्यू यॉर्क शाखेचे विल्यम निकोल्स पदक १९३८ मध्ये प्रदान करण्यात आले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही.

१९२० मध्ये त्यांचा विवाह ॲना एरिक्सन यांच्याशी झाला. लेव्हीन यांना अनेक युरोपीय भाषा अवगत होत्या. संगीत, चित्रकला व साहित्य यांची त्यांना आवड होती व ते स्वतः व्हायोलिन वाजवीत. दीर्घकाळ प्रयोगशाळेत राहून स्वतःच्या हातांनी प्रयोग करण्याची सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. १९३९ मध्ये ते सेवानिवृत्त झाले, परंतु संशोधन चालूच ठेवले. ६ सप्टेंबर १९४० रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची प्रतिकृती मांडली. तिच्यातील कणा शर्करा व फॉस्फेट यांचा एकाआड एक बनलेला असून शर्करा तिसऱ्या व पाचव्या कार्बनांतून जोडलेल्या आहेत. प्रत्येक शर्करेस एक क्षारक जोडलेला आहे. ही सर्व जोडणी लेव्हीन यांच्या प्रयोगशाळेत उलगडलेल्या रचनेवर आधारलेली होती. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर टॉड यांनी १९४० व १९५० च्या दशकांत न्यूक्लिओसाइडे व न्यूक्लिओटाइडे संश्लेषित करून तिला खात्रीशीर आधार दिला. या कार्यासाठी टॉड यांना १९५७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टॉड यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केलेले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांनी याच रसायनशास्त्राचा विस्तार करून जनुकीय संकेत उलगडण्यात महत्त्वाचा वाटा उचलला.

रेणवीय जीवविज्ञानाच्या अनेक लोकप्रिय इतिहासांत लेव्हीन यांचा उल्लेख मुख्यतः डीएनएच्या अभ्यासास विलंब लावणारे शास्त्रज्ञ असा येतो. हा उल्लेख एकांगी आहे. चतुर्न्यूक्लिओटाइड गृहीतक त्या वेळच्या मोजमापांशी सुसंगत होते आणि ते तपासून पाहण्यासाठी लागणारी वर्णलेखनासारखी साधने त्यांच्या मृत्यूनंतर उपलब्ध झाली. परंतु एक कामचलाऊ गृहीतक दीर्घकाळ तपासणीवाचून वापरले गेल्यास ते सिद्ध सत्यासारखे मानले जाऊ लागते, हेही या प्रकरणातून दिसते. ॲव्हरी यांच्या पुराव्याकडे शंकेने पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी क्षारकांचे प्रमाण स्वतः मोजलेले नव्हते.

लेव्हीन यांनी शर्करा, क्षारक व फॉस्फेट यांविषयी प्रयोगांनी सिद्ध केलेल्या बहुतांश बाबी आजही पाठ्यपुस्तकांत जशाच्या तशा आहेत. घटकांच्या समान प्रमाणावरून त्यांनी संपूर्ण रेणूविषयी जे अनुमान काढले, ते मात्र टिकले नाही.